हुकूम आणि पाऊल

एखादें यंत्र मोडीत निघालें म्हणजे त्याचे सगळेच अवयव एकदम निकामी होतात, असें नाहीं. घड्याळ बंद पडलें तरी त्याची कमान पुष्कळदां शाबूत असते. टांगा मोडला तरी त्याचें एखादें चाक दुसऱ्या गाडीला लावतां येतें. संगणकाच्या सरंजामालाही हाच न्याय लागू आहे. बँकेंत पासबुकावर आंकडे उमटवणारा, बारीक टांचण्यांच्या टोकांनीं खरखर करीत अक्षरें काढणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर वर्षानुवर्षें राबून अखेर बाजूला पडतो, तेव्हां बहुधा त्याचें छपाईचें डोकें झिजलेलें असतें किंवा विद्युन्मंडलांतला एखादा भाग जळालेला असतो. पण त्याच्या पोटांत दोन मोटरी असतात, एक डोकें डावीउजवीकडे नेणारी व दुसरी कागद पुढें सरकवणारी. त्या बहुतकरून अजून कित्येक वर्षें चालतील अशा असतात. भंगारवाला त्यांचें मोल तांब्यालोखंडाच्या वजनावर करतो. ज्याला त्यांचा गुण माहीत आहे, त्याला मात्र ती कवडीमोलानें मिळालेली मोठी संपत्ति वाटते. कारण या मोटरी नुसत्या फिरत नाहींत, त्या पाऊल मोजून टाकतात.

पंख्याच्या मोटरीला वीज मिळाली कीं ती फिरत सुटते. ती किती फिरली हें तिला सांगतां येत नाहीं, आणि अमुक एका जागीं थांब म्हटलें तर थांबतांही येत नाहीं. स्टेपर मोटरीचा स्वभाव याच्या अगदीं उलट. तिला नुसती वीज जोडली तर ती एका जागीं घट्ट उभी राहते. तिच्या घेरांत तांब्याच्या तारेचीं वेटोळीं असतात आणि मधोमध चुंबकाचा फिरता कणा असतो. एका वेटोळ्यांतून प्रवाह सोडला कीं कणा त्याच्याकडे ओढला जातो व तेथेंच थबकतो. तें वेटोळें बंद करून शेजारचें चालू केलें कीं कणा ठराविक अंशांनीं वळून पुन्हां थबकतो. यालाच एक पाऊल म्हणावयाचें. कागद सरकवणाऱ्या पुष्कळ मोटरींचें पाऊल ७.५ अंशांचें असतें, म्हणजे पुऱ्या फेऱ्याला ४८ पावलें लागतात. अधिक नाजुक कामाच्या मोटरींचें १.८ अंशांचें, म्हणजे फेऱ्याला २०० पावलें. ही कल्पना संगणकाहून जुनी आहे. १९२० नंतरच्या दशकांत ब्रिटिश युद्धनौकांवर तोफांची व टॉर्पेडोंची दिशा दुरून दर्शवण्यासाठीं याच तत्त्वावरच्या मोटरी वापरल्या जात. पुढें संगणक आला आणि आंकड्यांत बोलणाऱ्या यंत्राला आंकड्यांत चालणारा जोडीदार मिळाला.

आतां एखाद्या महाविद्यालयीन विद्यार्थ्याच्या हातीं असा मोडका प्रिंटर आला आणि त्यांतली मोटर घरच्या जुन्या संगणकाकडून चालवावी असें त्याच्या मनानें घेतलें, तर त्यानें कसें जावें? पहिली गोष्ट म्हणजे प्रिंटर उघडण्यापूर्वीं विजेची दोरी भिंतींतून काढावी, आणि काढल्यावरही वीजपुरवठ्याच्या कप्प्याला हात घालूं नये. तेथील मोठे कपॅसिटर वीज तोडल्यावरही कांहीं काळ भारलेले राहतात व झटका देतात. मोटरीचे स्क्रू सोडवतांना तिच्या तारा मुळाशीं कापूं नयेत. जोडणीच्या टोकासह काढाव्या. आणि याच वेळीं, डोक्याच्या प्रवासाच्या डाव्या टोकाला काळ्या रंगाची, मधोमध खांच असलेली एक लहानशी वस्तु बसवलेली असते, तीही जपून काढून ठेवावी. उतावळा माणूस मोटर घेतो व ती खांच भंगारांत टाकतो. तिचें मोल पुढें कळेल.

मोटरीला चार, पांच किंवा सहा तारा असतात. सहा तारांची मोटर नवशिक्याला सर्वांत सोयीची. तिच्यांत दोन वेटोळीं असून प्रत्येकाच्या दोन टोकांच्या दोन तारा व मध्यावरून काढलेली एक तार, अशी तीन-तीन तारांची दोन कुटुंबें होतात. मल्टिमीटरनें रोध मोजला कीं कुटुंब ओळखूं येतें. मध्यापासून टोकापर्यंत समजा ७५ ओहम भरले, तर टोकापासून टोकापर्यंत १५० भरतात. आणि एका कुटुंबाच्या तारेचा दुसऱ्याशीं मुळींच संबंध नसतो. मीटर जवळ नसला तरी एक गंमतीची परीक्षा आहे. मोटर कशालाही न जोडतां तिचा दांडा बोटांनीं फिरवावा, मग दोन तारांचीं टोकें एकमेकांना भिडवून पुन्हां फिरवावा. तारा एकाच वेटोळ्याच्या असतील तर दांडा एकाएकीं जड लागतो. फिरत्या चुंबकानें निर्माण केलेली वीज त्या बंद वाटेनें वाहूं लागते व फिरण्यालाच विरोध करते. जी मोटर एरवीं विजेनें फिरते, ती येथें स्वतः वीज निर्माण करून आपल्या तारांची ओळख पटवते.

मोटरीची ओळख झाली, आतां संगणकाची. १९८१ सालीं आयबीएम कंपनीनें आपला पर्सनल काँप्युटर बाजारांत आणला, तेव्हांपासून पुढें सुमारें पंचवीस वर्षें बहुतेक टेबलावरच्या संगणकांच्या पाठीला २५ छिद्रांचें एक रुंद तोंड असे. तेंच समांतर पोर्ट, किंवा लोकांच्या बोलण्यांतलें प्रिंटरचें पोर्ट. त्यांतील २ ते ९ क्रमांकांच्या आठ वाटांनीं संगणक एकाच वेळीं आठ खुणा बाहेर पाठवतो. खूण म्हणजे दुसरें कांहीं नव्हे. वाटेवर पांच व्होल्टांच्या आसपास दाब आहे किंवा जवळजवळ शून्य आहे, एवढेंच. १८ ते २५ या वाटा परतीच्या, म्हणजे जमिनीच्या. प्रोग्रामाच्या दृष्टीनें या आठ वाटा मिळून एक घर होतें आणि बहुतेक संगणकांत त्या घराचा क्रमांक ८८८ असतो. बेसिक भाषेंत 'आउट' या आज्ञेनें त्या घरीं १ हा आंकडा पाठवला कीं पहिली वाट जागी होते. २ पाठवला कीं दुसरी, ४ पाठवला कीं तिसरी, ८ पाठवला कीं चवथी. ३ पाठवला तर पहिली व दुसरी अशा दोन्ही.

येथें एक मोठा धोका आहे आणि उत्साहाच्या भरांत तोच नजरेआड होतो. मूळच्या रचनेच्या पोर्टाची एक वाट सुमारें अडीच मिलिॲम्पियर प्रवाह देऊं शके. वर सांगितलेल्या मोटरीच्या अर्ध्या वेटोळ्याला बारा व्होल्टांवर १६० मिलिॲम्पियर लागतात. हें प्रमाण एकास चौसष्ट झालें. मोटरीची तार सरळ पोर्टाला जोडली तर मोटर हलणार नाहीं, पण पोर्ट मात्र जळूं शकेल, आणि कित्येक संगणकांत त्याबरोबर मुख्य फळीही कामांतून जाईल. हत्ती माहुताच्या बळावर चालत नाहीं; माहूत अंकुश टोंचतो, ओढ हत्तीची असते. संगणक व मोटर यांच्यामध्येंही असाच एक हत्ती उभा करावा लागतो. यूएलएन २००३ या नांवाची सोळा पायांची चिप तें काम करते. तिच्यांत सात जोडट्रान्झिस्टर असतात. १९५३ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत सिडनी डार्लिंग्टन यांनीं ही जोडी योजली, म्हणून तिला त्यांचेंच नांव आहे. एकदीड मिलिॲम्पियरचा इशारा मिळाला कीं प्रत्येक जोडी अर्ध्या ॲम्पियरपर्यंतचा प्रवाह वाहूं देते. मात्र सातही जोड्यांवर एकदम एवढा भार टाकला तर चिप तापून बिघडते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे आजच्या डॉ. भडकमकर मार्गावर, असलें सामान विकणाऱ्या दुकानांची रांगच आहे, आणि ही चिप तेथील अगदीं स्वस्त वस्तूंपैकीं एक.

जोडणी मग अशी होते. पोर्टाच्या २, ३, ४ व ५ या वाटा चिपच्या पहिल्या चार पायांना. चिपच्या समोरच्या बाजूचे चार पाय मोटरीच्या चार टोकांना. मोटरीच्या मध्याच्या दोन्ही तारा बारा व्होल्टांच्या निराळ्या पुरवठ्याच्या धन टोकाला. त्या पुरवठ्याचें ऋण टोक, चिपचा आठवा पाय आणि पोर्टाची जमीन हीं तिन्ही एकत्र. उरला चिपचा नववा पाय. तोही बारा व्होल्टांच्या धन टोकाला जोडावयाचा असतो; त्याच्यावांचून मोटर फिरते, म्हणून पुष्कळजण तो तसाच सोडून देतात. परंतु वेटोळ्यांतला प्रवाह अचानक तोडला कीं वेटोळें तो तोडूं द्यावयास राजी नसतें. क्षणभर तें पुरवठ्याच्या कित्येक पट दाब उत्पन्न करतें. त्या उसळीला परत जाण्याची सुरक्षित वाट चिपमधल्या डायोडांतून या नवव्या पायानेंच मिळते. तो मोकळा ठेवला तर चिपला प्रत्येक पावलागणिक एक धक्का बसतो, आणि ती आज ना उद्यां दगा देते. शिवाय संगणक सुरू होत असतांना पोर्टाच्या वाटा कशाही अवस्थेंत असूं शकतात. म्हणून आधीं संगणक व प्रोग्राम चालू करून मगच मोटरीचा पुरवठा चालू करावा.

आतां तारांचा क्रम. सहा तारांच्या मोटरींत तो मल्टिमीटरनेंच अर्धा सोडवलेला असतो. एकाच कुटुंबाचीं दोन टोकें कधीं शेजारीं यावयाचीं नाहींत. पहिल्या कुटुंबाचें एक टोक, मग दुसऱ्याचें एक, मग पहिल्याचें दुसरें, मग दुसऱ्याचें दुसरें, असा एकाआड एक क्रम धरावा. मग ८८८ या घरीं १, २, ४, ८ हे आंकडे एकामागून एक पाठवले कीं दांडा टक् टक् करीत वळतो. तेच आंकडे ८, ४, २, १ असे उलटे पाठवले कीं तो उलटा वळतो. अधिक जोर हवा असेल तर दोन-दोन वाटा एकदम जाग्या कराव्या: ३, ६, १२, ९. आणि पाऊल निम्मे करावयाचें असेल तर दोन्ही क्रम गुंफावे: १, ३, २, ६, ४, १२, ८, ९. या आठ आंकड्यांनीं ४८ पावलांचा फेरा ९६ पावलांचा होतो. मोटर तीच, तारा त्याच. बदलला तो केवळ आंकड्यांचा क्रम. दांड्याला एक मिलिमीटर आंट्याचा स्क्रू जोडला तर ४८ पूर्ण पावलांत त्यावरचा नट एक मिलिमीटर सरकतो, म्हणजे एका पावलाला मिलिमीटरचा अठ्ठेचाळिसावा भाग. भंगारांतल्या वस्तूकडून इतकी बारकाई मिळावी, हें पाहून कोणाही विद्यार्थ्याला हर्ष वाटल्यावांचून राहणार नाहीं.

हा हर्ष बहुधा दुसऱ्या दिवशीं ओसरतो. कारण त्या दिवशीं तो वेग वाढवूं पाहतो. दोन आंकड्यांमध्यें एक दशांश सेकंदाचा विसावा दिला तर मोटर बिनचूक चालते. एक शतांश दिला, म्हणजे सेकंदाला शंभर पावलें, तरी रिकामी असतांना ती बहुधा चालते. विसावा आणखी कमी केला कीं ती एकाएकीं गुरगुरूं लागते, जागच्या जागीं थरथरते आणि फिरत नाहीं. लेझमाच्या खेळांत हलगीचा ठेका हळूहळू चढत गेला तर पोरें द्रुत लयीवरही पाय बरोबर टाकतात. पण उभ्या पोरांपुढें पहिलाच ठेका द्रुत वाजला तर सर्वांचे पाय अडखळतात. मोटरीच्या कण्यालाही वजन आहे. त्यालाही विसाव्यांतून वेगांत येण्यास अवधि लागतो. म्हणून चांगला प्रोग्राम पहिलीं पावलें सावकाश टाकवतो, मधलीं भरभर, आणि थांबण्यापूर्वीं पुन्हां सावकाश.

आणि येथेंच या सर्व खटाटोपांतलें मर्म आहे. मोटर अडखळली तरी संगणकाला त्याची वार्ता नसते. त्यानें दोन हजार आंकडे पाठवले, म्हणून दोन हजार पावलें पडलीं असें तो धरून चालतो. पडद्यावर तसें लिहितोही. संगणक पावलें मोजीत नाहीं. तो आपले हुकूम मोजतो. हुकूम सुटला म्हणजे काम झालें, हा समज कचेऱ्यांतून जसा फसवा ठरतो तसाच येथें ठरतो. त्यांतही एक विशेष असा, कीं चुकलेलीं पावलें एकेकानें चुकत नाहींत. चालू वेटोळें तर ओढतच असतें. हातची जागा निसटलेला कणा त्याच वेटोळ्याच्या मागल्या किंवा पुढल्या तशाच जागीं जाऊन बसतो, म्हणून चूक चार पूर्ण पावलांच्या पटींत होते. वर सांगितलेल्या स्क्रूवर चार पावलें म्हणजे मिलिमीटरचा बारावा भाग. डोळ्याला तो दिसणारही नाहीं. पण लेखणी धरून शंभर रेघा ओढणाऱ्या यंत्रानें प्रत्येक रेघेला एकदां ही चूक केली, तर शंभराव्या रेघेला लेखणी आठ मिलिमीटरांहून अधिक भलतीकडे गेलेली असेल, आणि संगणक शेवटपर्यंत निःशंक असेल.

मोटरीला विश्रांति देण्याच्या बाबतींतही हीच दक्षता हवी. काम संपल्यावर शेवटचें वेटोळें चालूच ठेवलें तर मोटर जागा धरून राहते, पण जवळजवळ दोन वॉट उष्णता सोसून तापत राहते. घरीं शून्य पाठवून सर्व वाटा बंद केल्या तर ती थंड होते, पण कोणाचा हात लागला तर दांडा हलतो, आणि आधीं केलेली मोजणी फुकट जाते.

यावर उपाय कोणता? तो जुन्या यंत्रांनींच दाखवून ठेवला आहे. ज्यांनीं फ्लॉपीचे संगणक वापरले आहेत, त्यांना यंत्र सुरू करतांना ऐकूं येणारी ती कर्रकर्र आठवत असेल. फ्लॉपीचें डोकेंही स्टेपर मोटरीनेंच हालत असे. वीज आल्यावर तें नेमकें कोठें आहे हें यंत्राला ठाऊक नसे. आणि ठाऊक असल्याचा तें आवही आणीत नसे. तें डोक्याला मागें, आणखी मागें, असे हुकूम देत राही, आणि पहिल्या वर्तुळाशीं बसवलेल्या खुणेनें 'पोंचलें' असा जबाब दिला म्हणजे तेथून शून्य धरून मोजणीस आरंभ करी. प्रिंटरांतली ती काळी खांच हेंच काम करते. तिच्या एका भिंतींत अदृश्य अवरक्त प्रकाशाचा दिवा असतो व दुसरींत त्या प्रकाशाला जागा होणारा ट्रान्झिस्टर. डोकें डाव्या टोकाला आलें कीं त्याची पातळ पट्टी खांचेंत शिरते, प्रकाश अडतो आणि मुक्काम आल्याचें कळतें.

समांतर पोर्टांत उलट दिशेनें येणाऱ्या पांच वाटाही असतात. त्यांचें घर ८८९. त्यांतील बाराव्या पिनेवरून प्रिंटर पूर्वीं संगणकाला 'कागद संपला' असें कळवीत असे. खांचेच्या दिव्याला ३३० ओहमांचा रोधक लावून पांच व्होल्ट द्यावे, ट्रान्झिस्टरचा जबाब या बाराव्या वाटेवर आणावा, आणि प्रोग्रामानें 'इन्प' या शब्दानें ८८९ चें घर वाचून त्यांत ३२ चा अंश केव्हां बदलतो हें पाहावें. कामाच्या आरंभीं एकदां मोटर मागें नेऊन शून्य ठरवावें. आणि लांब कामांत मधूनमधून परत येऊन तें पुन्हां पडताळावें. शून्यावर येण्यास जितकीं पावलें लागावयास हवीं तितकींच लागलीं, तर मोजणी खरी. न लागलीं, तर काम तेथेंच थांबवावें. चूक होणारच नाहीं अशी हमी कोणालाही देतां येत नाहीं. झालेली चूक लपूं नये, एवढी व्यवस्था मात्र दहा-पांच रुपयांच्या वस्तूंत होते.

काळ पालटला आहे. १९९३ सालच्या विंडोज एनटीपासून पुढच्या त्या घराण्यांतील प्रणाली सामान्य प्रोग्रामाला पोर्टाच्या घरांवर थेट लिहूं देत नाहींत. मध्यें खास चालक-प्रोग्राम घालावा लागतो. लिनक्समध्यें अशी परवानगी मागून घेतां येते. नव्या संगणकांना समांतर पोर्टच नसतें, आणि यूएसबीला लावून मिळणारे प्रिंटरचे जोड प्रिंटरशीं बोलण्यापुरतेच असतात. त्यांच्या वाटा एकेक करून हालवतां येत नाहींत. त्या जागीं २००५ सालीं इटलींत निघालेली अर्दुइनो ही लहान फळी, किंवा २०१२ सालचा रास्पबेरी पाय, आतां विद्यार्थ्यांच्या हातीं असतो. दुसऱ्याच्या वाटा ३.३ व्होल्टांच्या असून पांच व्होल्टांची खूण उलट आंत आली तर त्यांना इजा होते, हें ध्यानांत ठेवावें. बाकी चिप तीच, आंकडे तेच, अडखळणेंही तेंच. भारतांत २०२३ च्या एप्रिलपासून लागू असलेल्या ई-कचऱ्याच्या नियमांनीं जुन्या यंत्रांची विल्हेवाट नोंदणीकृत कारखान्यांमार्फत लावण्याची तजवीज केली आहे. उपयोगी भाग काढून घेतल्यावर उरलेला सांगाडा रद्दींत न टाकतां अशाच ठिकाणीं द्यावा.

अशा प्रयोगांतून मिळणारी मोटर बाजारांत नवी घेतली तरी फार महाग नसते. तेव्हां केवळ पैशाच्या बचतीसाठीं कोणी हे श्रम करूं नयेत. मोडक्या यंत्रांतून ती काढणाऱ्याला मोटरीबरोबर दुसरी एक गोष्ट पाहावयास मिळते: ज्यांनीं तें यंत्र घडवलें, त्यांनीं आपल्या हुकुमावर किती विश्वास ठेवला होता आणि कोठें ठेवला नव्हता. ज्या जागीं विश्वास ठेवला नाहीं, त्या जागीं त्यांनीं ती लहानशी काळी खांच बसवली होती. मोटर काढतांना जो ती खांचही काढून घेतो, त्याला त्या कारागिरांचें निम्मे शिक्षण न सांगतां मिळालें, असें म्हणण्यास हरकत नाहीं.